न भरणारी जखम आणि रविवारचा फोन : एक प्रकरण अभ्यास

या प्रकरणातील बाईंचे वय पहिल्या भेटीच्या वेळी 58 वर्षे होते. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, आणि अशाच प्रसंगातून गेलेल्या इतर घरांतील काही गोष्टीही यात मिसळल्या आहेत. त्यामुळे हे एका व्यक्तीचे चरित्र न समजता एका परिस्थितीची नोंद समजावी. ही परिस्थिती कुठल्याही डॉक्टरला अपरिचित नाही. घरातील एक माणूस दीर्घ आजारी असतो, दुसरा त्याचे सगळे करतो, आणि काही वर्षांनी हा दुसरा माणूस स्वतःच रुग्ण होऊन दवाखान्यात येतो. तो का आजारी पडला, याचे उत्तर बहुधा ‘दगदग’ या एका शब्दात दिले जाते. या प्रकरणात ते उत्तर अपुरे ठरले.

बाई आल्या होत्या त्या हाताची जखम घेऊन. डाव्या कोपराखालची चरबीची एक लहान गाठ शल्यचिकित्सकांनी काढली होती. टाके वेळेवर निघाले, पण पाचवा आठवडा उलटला तरी जखमेचे एक टोक उघडेच होते. कडा फिकट, मध्ये ओलसर, आणि खपली धरण्याचे चिन्ह नाही. जंतुसंसर्ग झालेला नव्हता. ‘साखर वगैरे पाहून घ्या’ एवढी ओळ लिहून त्यांना माझ्याकडे पाठवले होते.

मी त्यांना त्यांच्या प्रकृतीविषयी विचारले, तेव्हा त्यांनी पतीविषयी सांगायला सुरुवात केली. पतीचे वय 66, चार वर्षांपूर्वी अल्झायमरचे, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या एका आजाराचे, निदान झालेले. रात्री ते दोन-तीनदा उठतात, कपाट उघडून सगळे कपडे बाहेर काढतात, बाहेरच्या दाराची कडी चाचपतात. दिवसा बराच वेळ शांत बसतात, पण अंघोळीला नेताना हात झटकतात. हे सगळे त्या इतक्या क्रमवार सांगत होत्या की जणू मी पतीचाच डॉक्टर होतो. मी पुन्हा विचारले, “आणि तुम्हाला काय होते?” त्या थांबल्या, आणि म्हणाल्या, “मला काही नाही हो. हा हात तेवढा बरा करून द्या, म्हणजे त्यांना उचलता येईल.”

त्यांचा रक्तदाब 168/98 होता. पाच मिनिटे शांत बसवून पुन्हा मोजला, तो 162/96 आला. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी 6.2 टक्के निघाली, म्हणजे मधुमेह नाही, पण त्याच्या उंबरठ्यावर. हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या ठीक होत्या. एवढ्या साखरेने जखम पाच आठवडे अडून राहावी, असे मला वाटले नाही. साधी कारणे आधी तपासायची असतात, आणि त्यातले एक समोरच होते: दिवसातून अनेकदा त्या पतीला आधार देऊन उठवत होत्या आणि प्रत्येक वेळी त्या जागेवर ताण येत होता. ते खरेच होते, पण तेवढ्याने सगळे सुटत नव्हते.

दुसऱ्या भेटीला मी त्यांना घरातली सगळी औषधे सोबत आणायला सांगितली. पतीच्या गोळ्यांचा डबा त्यांनी टेबलावर ठेवला. सात वार, चार वेळा, अठ्ठावीस कप्पे, प्रत्येक कप्प्यात मोजून गोळ्या, आणि झाकणावर चिकटपट्टी लावून स्वतःच्या अक्षरात लिहिलेले ‘जेवणाआधी’, ‘जेवणानंतर’. त्यांच्या स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचे पाकीट पिशवीच्या तळाशी होते. तीस गोळ्यांचे ते पाकीट दोन महिन्यांपूर्वी घेतलेले, आणि त्यात अजून सतरा गोळ्या शिल्लक. त्या अठ्ठावीस कप्प्यांत यांच्या एका गोळीसाठी जागा नव्हती.

नात्यांचा आणि आरोग्याचा संबंध सांगताना आपण थेट संप्रेरकांकडे (हार्मोन्सकडे) धाव घेतो, पण त्याआधीचा हा साधा मार्ग विसरू नये. दुसऱ्याचे करता करता माणसाची स्वतःची गोळी चुकते, झोप तुटते, जेवण उभ्याने होते, चालणे बंद पडते, आणि दुखणे अंगावर काढले जाते. ताणाचा निम्मा परिणाम तरी याच वाटेने शरीरात शिरत असावा, असे माझे अनुभवावरून झालेले मत आहे. म्हणून उपचारातली पहिली गोष्ट अगदी साधी होती: त्यांची गोळी पतीच्या डब्यात, सकाळच्या कप्प्यात ठेवायची.

कॉर्टिसॉलचा रिपोर्ट

तिसऱ्या भेटीत त्यांनी पर्समधून घडी घातलेला एक कागद काढला. परगावी राहणाऱ्या त्यांच्या मुलाने ऑनलाइन नोंदणी करून त्यांच्या रक्तातील कॉर्टिसॉल तपासून घेतले होते. रक्त सकाळी साडेअकराला घेतले होते आणि रिपोर्ट नॉर्मल होता. मुलाने त्यावरून आईला फोनवर सांगितले होते, “बघ आई, स्ट्रेस हार्मोन नॉर्मल आहे. तू उगाच मनाला लावून घेतेस.” हे सांगताना त्यांचा आवाज पहिल्यांदा बदलला.

त्या कागदाविषयी मी त्यांना जे समजावले ते येथे थोडे विस्ताराने लिहितो, कारण हल्ली असे कागद घेऊन अनेक जण येतात.

धोका जाणवला की शरीरात दोन यंत्रणा कामाला लागतात. पहिली मज्जातंतूंची आहे आणि ती काही सेकंदांत चालू होते: मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथींच्या गाभ्यातून अॅड्रेनॅलिन सुटते, छातीत धडधडते, रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो. दुसरी सावकाश चालते. मेंदूतील हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला संदेश देतो, पिट्युटरी अॅड्रिनलच्या बाहेरच्या थराला संदेश देते, आणि तेथून कॉर्टिसॉल रक्तात येते. कॉर्टिसॉल यकृताला साखर सोडायला लावते, प्रतिकारशक्तीच्या पेशींना आवरते, आणि पुरेसे झाले की मेंदूकडे जाऊन स्वतःचेच उत्पादन थांबवते. हे संप्रेरक शत्रू नाही. त्याच्यावाचून माणूस जगू शकत नाही. 1950 चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक केंडल, राइकस्टाइन आणि हेंच या तिघांना याच ग्रंथीच्या संप्रेरकांवरील कामासाठी मिळाले होते.

कॉर्टिसॉलला दिवसाची एक चाल असते. पहाटेपासून ते चढू लागते, जागे झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासात शिखर गाठते, मग दिवसभर उतरत जाते आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला असते. त्यामुळे साडेअकराचा एक आकडा हा उतारावरच्या एका पायरीचा फोटो आहे. उतार किती तीव्र आहे, रात्री तो तळाला पोहोचतो की नाही, हे त्यातून कळत नाही. दीर्घकाळच्या ताणात बिघडते ती बहुधा ही चाल. सकाळचे शिखर बुटके होते, रात्रीचा तळ वर येतो, आणि उतार सपाट होतो. मिलर, चेन आणि झोऊ यांनी 2007 मध्ये या विषयावरील अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा ताण सुरू होऊन जितका काळ लोटलेला तितके कॉर्टिसॉल कमी, असेही चित्र त्यांना दिसले होते. म्हणजे वर्षानुवर्षे ताणाखाली असलेल्या माणसाचा एकच आकडा जास्त, कमी किंवा नॉर्मल असा कसाही येऊ शकतो. रक्तातील कॉर्टिसॉलची तपासणी आहे ती कुशिंगसारखे (कॉर्टिसॉल फार वाढण्याचे) किंवा अॅडिसनसारखे (ते फार कमी पडण्याचे) ग्रंथींचे आजार शोधण्यासाठी, आणि तीही ठरावीक वेळी, ठरावीक पद्धतीने करावी लागते. बाईंमध्ये कुशिंगची लक्षणे नव्हती: त्वचा पातळ झालेली नव्हती, पोटावर जांभळे पट्टे नव्हते, मांड्यांतली ताकद शाबूत होती. त्यामुळे मी ती तपासणी पुन्हा करायला सांगितली नाही. ‘तुम्हाला किती सोसावे लागते’ याचे मोजमाप त्या कागदात नाही, हे मात्र मी त्यांना स्पष्ट शब्दांत सांगितले.

आकडा नॉर्मल असूनही पेशींमध्ये काय घडू शकते, याचा एक पुरावा मला महत्त्वाचा वाटतो. मिलर, कोहेन आणि रिची यांनी 2002 मध्ये कर्करोग झालेल्या मुलांच्या आईवडिलांची तुलना निरोगी मुलांच्या आईवडिलांशी केली. पहिल्या गटाच्या रक्तातील प्रतिकारपेशी कॉर्टिसॉलसारख्या द्रव्याचे ‘आता थांबा’ हे सांगणे पुरेसे ऐकत नव्हत्या. सतत घंटा वाजत राहिली की माणसाला ती ऐकू येईनाशी होते, तसे पेशींचे होते. मग शरीरातील दाह, म्हणजे सूज आणि लाली आणणारी प्रतिकाराची प्रतिक्रिया, वेळेवर शमत नाही.

आणि जखमेबद्दल तर थेट पुरावा आहे. ओहायो स्टेट विद्यापीठात जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची काळजी घेणाऱ्या 13 स्त्रिया आणि तशी जबाबदारी नसलेल्या 13 स्त्रिया निवडून प्रत्येकीच्या हातावर 3.5 मिलिमीटरची एकसारखी बारीक जखम केली. 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार काळजी घेणाऱ्या स्त्रियांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस अधिक लागले. जखम भरण्याचा पहिला टप्पा दाहाचा असतो. पेशींना बोलावणारी द्रव्ये तेथे वेळेवर जमावी लागतात, आणि ताणाखाली नेमका हाच टप्पा मंदावतो. हे मी बाईंना सांगितले तेव्हा त्यांनी हातावरच्या पट्टीकडे पाहिले आणि विचारले, “म्हणजे हे माझ्या मनाचे खेळ नाहीत?” नाहीत, असे मी म्हणालो.

वही

मोजमाप हवेच होते, म्हणून मी त्यांना घरी सकाळ-संध्याकाळ रक्तदाब मोजून लिहून ठेवायला सांगितले: पाठ टेकून, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या उंचीला, पाच मिनिटे न बोलता. घरी मोजताना 135/85 च्या खाली राहणे चांगले. महिन्याभराने त्या वही घेऊन आल्या. समास आखलेली, तारखा सरळ रेषेत, पेन्सिलीने लिहिलेली.

गोळी नियमित सुरू झाल्यामुळे सकाळचे आकडे उतरले होते. बहुतेक 136/84 च्या आसपास. संध्याकाळचे थोडे वर. पण काही संध्याकाळी आकडा एकदम उसळी घेत होता: 164/98, 170/96, 166/100. मी त्या ओळींवर बोट फिरवत गेलो तेव्हा समासात प्रत्येक वेळी एकच बारीक शब्द दिसला, ‘फोन’. चारपैकी चारही रविवार.

मी अपेक्षा केली होती ती वेगळी. पती रात्रभर जागले, दारापर्यंत गेले, अंगावर धावून आले अशा नोंदीही वहीत होत्या, आणि त्यांच्या दुसऱ्या दिवशी आकडे थोडेफार वाढलेले होते. पण रविवारच्या फोनएवढे नाही. हात ज्याने थकत होते ते काम, आणि रक्तदाब ज्याने चढत होता ती गोष्ट, या दोन वेगळ्या निघाल्या.

त्या फोनवर काय होत असे? मुलगा प्रेमळ होता, पैसे पाठवत होता, वडिलांशी आवर्जून बोलत होता. अल्झायमरच्या पहिल्या काही वर्षांत रुग्ण थोड्या वेळासाठी स्वतःला सावरून अगदी सुसंगत बोलू शकतो. विशेषतः ओळखीच्या आवाजाशी, ठरलेल्या विषयांवर. दहा मिनिटांच्या फोनमध्ये वडील ‘काय म्हणतोस, काम कसे चालले आहे’ असे विचारत, हसत, आणि मुलाला ते पूर्वीसारखेच वाटत. मग फोन आईकडे येई. “माझ्याशी तर नीट बोलतात ते. तू त्यांना फार टोकतेस का? मागच्या वेळी बारीक झाल्यासारखे दिसले, जेवण वेळेवर देतेस ना?” बाईंजवळ याचे उत्तर नव्हते, कारण रात्री तीन वाजता काय घडते याचा साक्षीदार त्यांच्याशिवाय कोणी नव्हता. फोन ठेवल्यावर पती विचारत, “कोण होते?”

याच जागी मला डिकरसन आणि केमेनी यांचे 2004 चे काम आठवले. प्रयोगशाळेत ताण देऊन कॉर्टिसॉल मोजणाऱ्या 208 अभ्यासांचा त्यांनी एकत्र विचार केला होता. सगळ्या अवघड कामांनी कॉर्टिसॉल सारखे वाढत नाही, असे त्यातून दिसले. सर्वांत मोठी वाढ होते ती दोन गोष्टी एकत्र आल्यावर: आपली कोणीतरी पारख करत आहे, आणि आपण काहीही केले तरी निकाल आपल्या हातात नाही. रविवारच्या फोनचे याहून नेमके वर्णन मला करता येणार नाही. पारख करणारा परका असता तर कदाचित ते इतके लागले नसते. तो पोटचा मुलगा होता.

आणखी एक गोष्ट बाईंनी फार उशिरा सांगितली, तीही जाता जाता. त्यांच्या नोकरीच्या काळात पती रोज संध्याकाळी त्यांना विचारत, “आज काय काय झाले?” आणि खरोखर ऐकत. तीस वर्षे हे चालले. आता पती शेजारी असतात, पण तो प्रश्न बंद झाला. अमेरिकेतील पॉलीन बॉस यांनी अशा दुःखाला ‘अस्पष्ट हानी’ या अर्थाचे नाव दिले आहे: माणूस आहे आणि नाहीही, त्यामुळे रडायलाही जागा मिळत नाही. जोडीदार आपल्याला समजून घेतो, आपली कदर करतो असे वाटण्याचा आणि कॉर्टिसॉलच्या दैनंदिन उताराचा संबंध स्लॅचर, सेल्चुक आणि ऑंग यांनी 2015 मध्ये हजाराहून अधिक प्रौढांच्या माहितीवरून दाखवला. ज्यांना आधी अशी जाणीव अधिक होती त्यांचा उतार दहा वर्षांनंतर अधिक तीव्र, म्हणजे अधिक निरोगी होता. बाईंच्या आयुष्यातून तो आधार हळूहळू निघून गेला होता, आणि तो जात असल्याचे घरात कोणाच्या लक्षातही आले नव्हते.

हे ऐकल्यावर मला माझी स्वतःची एक चूक दिसली. पहिल्या भेटीच्या शेवटी मी त्यांना म्हणालो होतो, “थोडे टेन्शन कमी करा.” हे वाक्य आम्ही डॉक्टर दिवसातून कितीदा बोलतो. त्याचा अर्थ रुग्णाला असा लागतो की टेन्शन ही त्याच्याच हातातली वस्तू आहे आणि ती त्याने विनाकारण धरून ठेवली आहे. मुलगा फोनवर जे म्हणत होता त्याहून माझे वाक्य फारसे वेगळे नव्हते.

अकरा दिवस

मी बाईंच्या परवानगीने मुलाशी बोललो. त्याला दोष देण्याचा हेतू नव्हता, आणि तसे केल्याने काही साधलेही नसते. दुरून प्रेम करणाऱ्या माणसाला वडिलांचा आजार नाकारावासा वाटणे मी समजू शकतो. मी त्याला वहीतील आकडे वाचून दाखवले आणि फोनवर वडील चांगले का बोलतात ते सांगितले. मग एवढीच विनंती केली की त्याने दोन दिवस नाही, किमान दहा दिवस येऊन राहावे आणि रात्री आईऐवजी त्याने वडिलांच्या खोलीत झोपावे. दोन दिवसांत पाहुणा दिसतो, घर दिसत नाही.

तो अकरा दिवस राहिला. चौथ्या रात्री वडिलांनी त्याला ओळखले नाही आणि घरात चोर शिरला असे समजून उशी उचलून दाराशी उभे राहिले. सकाळी त्याने आईला काय म्हटले ते मला माहीत नाही. बाईंनी मला एवढेच सांगितले की तो स्वयंपाकघरात आला, बराच वेळ काही न बोलता उभा राहिला, आणि मग म्हणाला, “आई, तू हे रोज करतेस?”

त्या मुक्कामात व्यवहाराच्या काही गोष्टी ठरल्या. आठवड्यातून तीन रात्री पगारी मदतनीस, दाराला वरची कडी, आणि पतीला उठवताना कमरेचा पट्टा वापरण्याची पद्धत, जिच्यामुळे बाईंच्या हातावरचा ताण कमी झाला. यातली कुठलीही गोष्ट मोठी नव्हती, आणि प्रत्येक घराला ती परवडेलच असेही नाही. सगळ्यात मोठा बदल झाला तो फोनमध्ये. मुलगा आता आधी आईशी बोलू लागला, आणि पहिला प्रश्न असे, “रात्र कशी गेली?”

या काळातील एक प्रसंग माझ्या डोळ्यांसमोर राहिला आहे. त्या दिवशी बाईंना पतीला सोबत आणावे लागले होते. मी त्यांच्या दंडाला पट्टा बांधून हवा भरू लागलो, तेव्हा बाजूच्या खुर्चीवर बसलेल्या पतीने त्यांचा दुसरा हात आपल्या हातात घेतला. त्यांना त्या दिवशीचा वार सांगता आला नव्हता, दवाखाना कशाचा आहे हेही कळले नव्हते. जेम्स कोअन आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये 16 विवाहित स्त्रियांना विजेचा हलका झटका बसण्याची धास्ती देऊन त्यांचे मेंदू स्कॅन केले होते. पतीचा हात धरलेला असताना धोक्याला प्रतिसाद देणारे भाग शांत होत होते, परक्याचा हात धरल्यावर त्याहून कमी प्रमाणात, आणि ज्यांचे वैवाहिक नाते चांगले होते त्यांच्यात हा परिणाम अधिक होता. त्या दिवशीच्या रक्तदाबावर त्या हाताचा काय परिणाम झाला हे एका मोजणीवरून सांगता येत नाही. पण आधार नाहीसा झाला, असे मी त्या नात्याबद्दल लिहिले होते, ते मला थोडे सुधारून घ्यावे लागले.

काय म्हणता येते आणि काय नाही

मुलगा परत गेल्यानंतरच्या तीन आठवड्यांत जखम पूर्ण भरली. तीन महिन्यांनी घरच्या रक्तदाबाची सरासरी 132/82 वर आली आणि तीन महिन्यांची साखर 5.9 झाली. फोनच्या दिवशीची उसळी ओसरली.

यावरून मुलाचे वागणे बदलल्याने जखम भरली, असे मी म्हणणार नाही. त्याच काळात गोळी नियमित झाली होती, आठवड्यातून तीन रात्री सलग झोप मिळू लागली होती, हातावरचा भार कमी झाला होता. आणि जखम कधीतरी भरणारच होती. एका माणसाच्या बाबतीत ही कारणे सुटी करता येत नाहीत. मोठ्या समूहांच्या अभ्यासांत ती काही प्रमाणात सुटी करता येतात, म्हणूनच त्यांचा आधार घ्यावा लागतो. शुल्झ आणि बीच यांनी 1999 मध्ये आजारी जोडीदाराची काळजी घेणाऱ्या वृद्धांचा चार वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. ज्यांना त्या काळजीचा मानसिक किंवा भावनिक भार जाणवत होता त्यांचा मृत्यूचा धोका तशी जबाबदारी नसलेल्यांपेक्षा 63 टक्के अधिक होता. जे काळजी घेत होते पण ज्यांना भार जाणवत नव्हता, त्यांच्यात अशी वाढ दिसली नाही. माझ्या समोरच्या वहीतही मला हेच दिसत होते. शरीर फक्त कामाचे तास मोजत नाही. ते काम आपण एकट्याने ओढतो आहोत का, आणि आपल्या ओढण्यावर आपल्याच माणसांचा विश्वास आहे का, याचाही हिशेब त्यात असतो.

ब्रूस मॅकएवन आणि एलियट स्टेलर यांनी 1993 मध्ये ‘अॅलोस्टॅटिक लोड’ ही कल्पना मांडली: परिस्थितीशी जुळवून घेण्यासाठी शरीर जे काही करते त्याची झीज साठत जाते आणि ती रक्तदाब, साखर, पोटाची चरबी, झोप अशा वेगवेगळ्या खात्यांत दिसते. बाईंच्या तपासण्यांत एकही आकडा भयंकर नव्हता. प्रत्येक खात्यात थोडे-थोडे चढलेले होते. आपल्या बोलण्यात याला फार जुने शब्द आहेत. माणसाने हाय खाल्ली, धसका घेतला, काळजीने पोखरला, झुरून गेला. हे शब्द अलंकारिक आहेत असे मी विद्यार्थी असताना समजत असे.

एक प्रश्न मला अजून सतावतो. मुलगा आलाच नसता तर? अनेक घरांत येणारा कोणी नसतो, किंवा येऊनही पाहायला तयार नसतो. अशा वेळी विश्वास ठेवणारा माणूस नात्यातलाच असावा लागतो का? काळजी घेणाऱ्यांच्या गटात बसलेली माणसे, शेजारची एखादी मैत्रीण, रोज येणारी मदतनीस यांच्यामुळेही रुग्ण सावरताना मी पाहिले आहेत. म्हणून आता मी स्मृतिभ्रंशाच्या प्रत्येक रुग्णाच्या सोबत आलेल्या माणसाचा रक्तदाब मोजतो, आणि त्याला त्याची स्वतःची गोळी कुठे ठेवली आहे असे विचारतो.

बाईंच्या पतीचा आजार पुढे सरकतो आहे. त्याला औषधाने थांबवता येत नाही. मुलाशी अधूनमधून खटके उडतात. वडिलांना संस्थेत ठेवण्याचा विषय त्याने काढला त्या आठवड्यात आकडे पुन्हा वर गेले होते. गेल्या महिन्यात त्यांनी नवी वही आणली. तिच्यातील एका ओळीवर माझी नजर थांबली. त्या रात्री पतीने त्यांना पहिल्यांदाच ओळखले नव्हते आणि खोलीबाहेर जायला सांगितले होते. वेळ रात्री 11.40, रक्तदाब 158/94. समासात पूर्वी ‘फोन’ असे, तेथे यावेळी ‘फोन केला’ असे लिहिले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी 136/82. झोप झाल्यावर तो तसाही उतरला असता, कदाचित. त्या ओळीखाली बाईंनी पुढच्या तारखा आखून ठेवल्या होत्या.